हंड्याच्या तळाशी चार बोटं

४ जानेवारी

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणून मोकळा होतोस, म्हणून आता कागदावर लिहिते. कागद हरवायची तरी लाज वाटेल.

बाबांचा रंगाचा कारखाना अजून चालू आहे आणि तो तुझी बहीण चालवते, हे तुझ्या ध्यानात असेलच. पिवळा रंग आपण अजून बाबांच्याच पद्धतीने बनवतो. त्यात जो सॉल्व्हंट लागतो तो शेवटी मागच्या नाल्यात उतरतो, म्हणून प्रदूषणवाल्यांची नोटीस आली आहे. डिसेंबरअखेर पद्धत बदला, नाहीतर टाळं. म्हणजे माझ्यासकट सव्वीस माणसं घरी. नोटीस खोटी असती तर भांडले असते. पण नाल्याचा रंग मी रोज माझ्या खिडकीतून बघते.

गेल्या वर्षी मी आणि मौनीकाकांनी सॉल्व्हंट काढून नुसत्या गरम पाण्यात तीन बॅच काढून बघितल्या. तिन्ही लख्ख पिवळ्या निघाल्या. (मौनीकाका आठवतात ना? बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून मोठ्या हंड्यावर आहेत आणि दिवसाला सहा शब्द बोलतात.) पण कायमचं पाण्यावर जायचं तर पंप, फिल्टर, सांडपाण्याची टाकी, सगळं नवं लागतं. ते आपल्या आवाक्यातलं नाही. सरकारची संशोधन अनुदानाची एक योजना आहे. तिची अट अशी, की कारखान्याबरोबर एक संशोधन संस्था भागीदार हवी आणि तिने तीच पद्धत आपल्या प्रयोगशाळेत करून दाखवायला हवी.

मी तीन संस्थांची दारं वाजवली. पहिलीने माझी पदवी विचारली. दुसरी म्हणाली, पद्धत आधी आमच्या नावावर करा, मग बोलू. तिसरीतल्या साहेबांनी चार वेळा चहा पाजला आणि पाचव्या खेपेला गेले तर ते निवृत्त झालेले. थकले रे. तुझी एक प्रयोगशाळा आहे हे आपल्याकडे बोलायचं नाही असा रिवाज पडलाय, पण आता बोलते. होशील का भागीदार?

तुझी ताई

---

१९ जानेवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. हरवलं नाही.

अनुदानाचे अर्ज हाच आता माझा मुख्य विषय झाला आहे, रसायनशास्त्र फावल्या वेळात. गेल्या वर्षी सात अर्ज लिहिले. मंजूर झाला एक, तोही व्हरांड्यातल्या दिव्यांचा. समितीतले लोक माझ्याइतकेच दमलेले असतात. पहिलं पान वाचतात, शेवटचं वाचतात आणि मधल्या पानांचं वजन बघतात. तेव्हा फार आशा धरू नकोस. पण भागीदार होतो. आपण बहीणभाऊ आहोत हे आधीच लेखी कळवावं लागेल, ते मी कळवतो.

माझ्या दोन अटी. पद्धत पायरी-पायरीने लिहून हवी. "अंदाजाने", "नेहमीसारखं" असलं काही चालणार नाही.

दुसरी, मी कारखान्यात येणार नाही. कारण तुला माहीत आहे, पण तू ते नेहमी हसण्यावारी नेतेस म्हणून एकदा लिहूनच टाकतो. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजची पहिली सुट्टी होती. भांडी कशी धुवायची ते प्रयोगशाळेत नुकतंच शिकलो होतो आणि त्याचा केवढा अभिमान! बाबा बाहेरगावी गेले होते. ते खूश होतील म्हणून दोन दिवस खपून मोठा हंडा आतून घासला, आरशासारखा केला. बाबा आले, आत डोकावले आणि सगळ्या कामगारांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. का, ते त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. घाणीत काम करायची त्यांना सवय झाली होती आणि ती कोणी दाखवलेली खपत नव्हती, एवढंच मला समजलं. त्या फाटकातून मी पुन्हा आत आलो नाही. बाकी सगळं करीन.

धाकटा

---

६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

सोबत पद्धतीची अकरा पानं. ती लिहायला एक कन्सल्टंट बाई आणल्या होत्या. त्यांनी मौनीकाकांना विचारलं, "तुम्ही नक्की काय काय करता?" काका म्हणाले, "करतो तसं करतो." बाईंनी पेन उघडं धरून पुष्कळ वेळ वाट पाहिली. शेवटी इतर कारखान्यांची कागदपत्रं समोर ठेवून त्यांनीच लिहून काढलं. "स्वच्छ, कोरड्या भांड्यात" अशी सुरुवात आहे. मला फार आवडली. आपला कारखाना एकदम दवाखान्यासारखा वाटला.

कच्चा माल दोन खोक्यांतून पाठवते आहे. खोकी तुझ्या नावाने आहेत, नाहीतर तुमच्या विद्यापीठात ती जिन्याखालीच राहायची.

बाबांनी मारलं ते बरोबर होतं असं मी कधी म्हटलं नाही. मी तेव्हा सासरी होते, मला काही कळलंही नाही. पण त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, तुझे स्वतःचे केस पांढरे झाले. किती दिवस गाल चोळत बसणार? असो. तू हो म्हणालास त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले.

ताई

---

११ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

काम समाधानकारक चालू आहे. पहिला अहवाल समितीला पाठवला.

थोडी माहिती हवी होती. तुमच्याकडे पाणी बोअरचं की नळाचं? हंड्यातली ढवळणी मिनिटाला किती फेरे घेते? हंड्याला आतून अस्तर कसलं आहे? थंड व्हायला किती वेळ लागतो? सहज विचारतो आहे, घाई नाही. पण लवकर कळव.

इकडे विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे आहे. कारखान्याशी भागीदारी केल्याचा उपयोग होईल असं सगळे म्हणतात. मला त्या खुर्चीची हौस राहिलेली नाही, पण तिथे बसलं की निदान दुसऱ्यांचे अर्ज फिरवता येतात, स्वतःचे लिहावे लागत नाहीत.

धाकटा

---

२४ मार्च

चि. धाकट्या,

तुझं "समाधानकारक" मी कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. पॅकिंगवालीने डोळे पुसले. तिची थोरली यंदा कॉलेजात जायची आहे.

पाणी बोअरचं. ढवळणी चाळीस फेरे. अस्तर काचेचं. थंड व्हायला अख्खी दुपार. एवढ्या बारीकसारीक गोष्टी विचारतोस म्हणजे अगदी मन लावून करतो आहेस.

समिती सात एप्रिलला पाहणीला येते आहे. त्यांच्यासमोर एक बॅच काढून दाखवायची. आठवडाभर नुसती साफसफाई चालू आहे. कठडे रंगवले, फुटक्या फरश्या बदलल्या. राहता राहिला हंडा. आत काळे-पिवळे पापुद्रे आणि तळाला चिखल. समितीने झाकण उघडून बघितलं तर काय अब्रू राहील? धुवायला बाहेरून दोघांना बोलावलं, तर मौनीकाका शिडी धरून आडवे उभे राहिले. "धुवू नका" म्हणाले. का म्हणून विचारलं, तर म्हणे, "मालक नको म्हणायचे."

मी म्हटलं, "मालक आता मी आहे." सगळ्यांसमोर म्हटलं. मग पाहणी होईपर्यंत त्यांना रजा देऊन टाकली. तुझ्यापासून काय लपवायचं, फाटक्या बनियनवर ते साहेबलोकांपुढे नकोत असंही माझ्या मनात होतं. धुणारे हंड्यात उतरेपर्यंत काका थांबले, एक रिकामा कॅन मागितला, मी "न्या" म्हटलं. तेव्हापासून मला काही चैन नाही.

हंडा मात्र आता आरशासारखा आहे. तू बघितलास तर खूश होशील.

ताई

---

९ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद लिहायची ताकद नाही.

परवा तीन माणसं आली. कठड्यांना हात लावून बघितले, रजिस्टरं बघितली. हंड्यात डोकावून त्यातले वयस्कर साहेब "वा!" म्हणाले. बाईंच्या अकरा पानांबरहुकूम सकाळी आठला माल भरला. मी स्वतः घड्याळ धरून उभी होते. चारला खालची झडप उघडली आणि भिजल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं काहीतरी बदाबदा बाहेर आलं. पिवळ्याचं नावसुद्धा नाही. फिल्टरवर पसरलं, वाळवलं, तरी तसंच मातकट.

पॅकिंगवाली दारात उभी होती ती हळूच आत गेली. साहेबांनी तुझा अहवाल उघडला. म्हणाले, "नवल आहे बाई, प्रयोगशाळेत तर समाधानकारक दिसतंय." मी मान खाली घालून उभी राहिले.

काल पुन्हा तशीच बॅच काढली. पुन्हा मातकट. आज मी तुझे मार्चमधले प्रश्न पुन्हा वाचले. पाणी कुठलं, फेरे किती, अस्तर कसलं. ज्याचं काम समाधानकारक चाललंय तो असले प्रश्न विचारेल का?

मला एवढंच सांग. तुझ्याकडे पिवळा आला होता का? एकदा तरी?

ताई

---

१५ एप्रिल

ताई,

नाही.

चौदा वेळा केला. चौदाही वेळा तेच, भिजला पुठ्ठा. प्रत्येक वेळी काच आणखी घासून धुतली, पाणी तीनदा गाळून घेतलं. पहिल्या चारपाच वेळा वाटलं, माझ्याच हातून काहीतरी राहतंय. मग अहवालाची तारीख आली. "पिवळा येत नाही" असं लिहिलं तर प्रस्ताव तिथेच बाद. तुझ्याकडे तीनदा आला आहे म्हणजे आज ना उद्या माझ्याकडेही येईल, असं धरून चाललो आणि तो शब्द लिहिला. असले शब्द मी इतकी वर्षं इतक्या कागदांवर लिहिले आहेत, की लिहिताना हात अडला नाही.

तुला का नाही सांगितलं? बाबांच्या त्या कळकट हंड्यात जे होतं ते माझ्या लखलखीत काचेत होत नाही, हे तुझ्यासमोर कबूल करवेना. यापेक्षा मोठं कारण नाही.

धाकटा

---

१८ एप्रिल

समितीचं पत्र आलं. पद्धत सिद्ध झालेली नाही, प्रस्ताव बंद.

मार्चमध्ये तू एक "नाही" लिहिलं असतंस, तर माझ्या मनात शंका तरी आली असती. मी हंडा धुवायच्या आधी दोनदा विचार केला असता, काकांना खोदून विचारलं असतं. तुझ्या त्या एका शब्दावर मी सव्वीस घरांना धीर दिला. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

उत्तर लिहू नकोस.

---

१२ मे

चि. धाकट्या,

लिहू नकोस म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीस. आज्ञाधारकपणा नेमका नको तेव्हा.

काल मौनीकाकांच्या घरी गेले. जायला महिना लागला मला. दारात चप्पल काढताना अगदी शाळेत उशिरा पोचल्यासारखं झालं. एक खोली, एक खाट, भिंतीला बाबांबरोबरचा जुना फोटो. मी म्हटलं, "काका, चुकले मी." ते उठले, खाटेखाली हात घातला आणि कापडात गुंडाळलेला कॅन बाहेर काढला. तोच, रजेच्या दिवशी माझ्याकडून मागून नेलेला. आत तळातला चिखल, अजून ओला.

मग माणूस बोलला, धाकट्या. मला वाटतं वर्षभराचं एकदम बोलला. हंडा कधी पुरता रिकामा करायचा नाही. तळाला चार बोटं माल राहू द्यायचा आणि त्याच्यावर पुढची बॅच भरायची. "दुधाला विरजण लावतो ना, तसं. मागचा पिवळा पुढच्याला पिवळं व्हायला शिकवतो." मी म्हटलं, मग विकायची पावडर टाकली तर? तर म्हणाले, तिच्यावर राळ चढवलेली असते, ती काही शिकवत नाही. हे सगळं बाबांचं. आमच्या त्या तीन बॅचही चार बोटांवरच निघाल्या होत्या आणि मी शेजारी उभी असून मला पत्ता नव्हता!

"अहो, मग बाईंना का नाही सांगितलंत?" म्हटलं. "त्यांनी पद्धत विचारली," म्हणाले. "ही कुठे पद्धत? ही सवय."

आज सकाळी ते कामावर आले. तेच बनियन. कॅन हंड्यात ओतला, वर माल भरला. चार वाजता झडप उघडली आणि पिवळा आला. लख्ख. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते बघत राहिले. प्रस्ताव तर बंद झालेला आहे.

तुला तळातल्या त्या चिखलाची एक बाटली पाठवते आहे. काचेत टाकून बघ. आणि या वेळी जे येईल तेच लिही.

ताई

---

२६ मे

ती. ताईस सा. नमस्कार.

बाटली मिळाली. चमचाभर टाकलं. पिवळा आला. चार वेळा केला, चारही वेळा आला.

हा रंग दोन तऱ्हांनी घट्ट होऊ शकतो. आतले कण एका तऱ्हेने बसले तर पिवळा, दुसऱ्या तऱ्हेने बसले तर मातकट. कसं बसायचं ते आधीच्या पिवळ्याचे बारीक कण नव्याला दाखवतात. ते नसतील तर तो सोपी वाट धरतो. हे मी दर वर्षी शिकवतो, ताई, आकृती काढून शिकवतो. आणि चौदा वेळा काच घासत बसलो. मौनीकाकांनी एका वाक्यात सांगितलं ते मला पदव्यांची भेंडोळी घेऊन सुचलं नाही.

समितीला पत्र लिहिलं आहे. पहिला अहवाल मागे घेतला. चौदा वेळा फसलो आणि ते लपवलं, असंच लिहिलं. हंड्याची गोष्ट लिहिली, चार नव्या नोंदी जोडल्या आणि पाहणी पुन्हा करावी अशी विनंती केली. चूक माझी आहे, कारखान्याची नाही, हे दोनदा लिहिलं. पत्राची प्रत कुलगुरूंकडे गेली. माझ्यावर चौकशी बसली आहे आणि प्रमुखाची खुर्ची शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना मिळाली. गेल्या आठवड्यात त्यांनी पेढ्याऐवजी पेन वाटलं, तेच घेऊन हे लिहितो आहे. पेन बरं चालतं.

तो पिवळा बघितल्यापासून दुसरंच डोक्यात आहे. एकोणिसाव्या वर्षी मी दोन दिवस घासून काय धुतलं, ते आता कळलं. मला मारलं त्याचं काही नाही. पण बाबांनी एवढं एक वाक्य मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी पाय धरले असते. तिथेच राहिलोही असतो कदाचित. काकांना माहीत असेल. विचारशील?

धाकटा

---

२१ जून

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. या वेळी लिहायची ताकद आहे.

समितीचं पत्र आलं. तुझ्या कबुलीवर त्यांच्याकडे बरीच चर्चा झालेली दिसते. अनुदान दिलेलं नाही, पण तीन सप्टेंबरला पुन्हा पाहणी करणार आहेत. एक अट घातली आहे. भागीदार संशोधकाने त्या दिवशी हंड्यापाशी हजर राहायचं आणि बॅच स्वतः काढून दाखवायची. या वेळी साधलं तर डिसेंबरच्या आत पंप बसतील. नाही साधलं, तर टाळं आहेच. मी आता देवालाही काही मागत नाही, तोही बिचारा दमला असेल.

काकांना विचारलं. दोन दिवस नुसते मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा बंद करता करता बोलले.

तू हंडा धुतलास त्यानंतर चार महिने पिवळा आला नाही. बाबा रोज बॅच काढायचे, रोज मातकट. मोठी गिऱ्हाइकं तुटली. माणसं अर्ध्या दिवसावर आली. आईला, मला, सगळ्यांना सांगितलं की झडप मोडली आहे आणि नवी मिळत नाही. मला ती झडप चांगली आठवते, मी तिला शिव्यासुद्धा घातल्या होत्या. मग एके दिवशी पिवळा आपोआप आला.

त्या चार महिन्यांत काकांनी बाबांना विचारलं होतं, "धाकट्याला सांगू का, काय झालं ते?" बाबा म्हणाले, "अजिबात नाही. पोराने मायेने धुतलाय. आपल्यामुळे एवढ्या चुली विझायला आल्या हे कळलं, तर जन्मभर मनाला लावून घेईल. हात उगारला ती माझी चूक. माझ्यावर रागावून राहू दे त्याला, ते परवडेल."

म्हणून तुला सांगितलं नाही. तू रागावून राहिलास, बाबा गेले, आणि काकांनी शब्द पाळला. मी हे ऐकलं आणि फिल्टरच्या मागे जाऊन पोटभर रडले. तूही रडून घे, आणि मग तिकीट काढ.

फाटक तेच आहे, कुरकुरतं. तू येणार म्हणून मी काकांना सांगितलं. आजचे सहा शब्द त्यांनी तुझ्यावर खर्च केले:

"येऊ दे त्याला. ब्रश आणायचा नाही."

तुझी ताई